उंबरठ्यावरची स्वाक्षरी

गेल्या पावसाळ्यात आमच्या धर्मग्रामातील एक मुलगी रडवेल्या चेहऱ्याने आमच्याकडे आली. परिचारिकेच्या अभ्यासक्रमाचे तिचे पहिलेच वर्ष. वॉर्डात जाण्यापूर्वी शिक्षिकेने तिला बोटातली रोझरीची अंगठी काढून ठेवायला सांगितले होते. अंगठी आजीने दिलेली. 'ही आपल्या धर्मावर गदा नव्हे का?' असा तिचा सवाल. आम्ही तिला एवढेच विचारले, की शेजारच्या मुलीच्या हातातल्या बांगड्यांचे काय झाले? 'त्याही काढल्या. राखीसुद्धा.' मग प्रश्न तिथेच मिटला. रुग्णाच्या जखमेत जंतू जाऊ नयेत म्हणून परिचारिकेचा हात कोपरापासून खाली मोकळा हवा, हा नियम अंगठीला जसा लागू, तसाच राखीलाही.

युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने १५ जानेवारी २०१३ रोजी दिलेल्या एका निकालात हाच विवेक दिसतो. इंग्लंडमधील एक्सेटरच्या रुग्णालयातील एका परिचारिकेला गळ्यातील साखळीतला क्रूस उघडपणे घालण्यास मनाई झाली होती. रुग्णांच्या सुरक्षिततेचे कारण मान्य करून न्यायालयाने रुग्णालयाची बाजू उचलून धरली. त्याच निकालपत्रात एका विमान कंपनीच्या कर्मचारी स्त्रीला मात्र न्याय मिळाला. तिच्या गळ्यातल्या छोट्या क्रुसाने कोणाचे काही बिघडत नव्हते.

परंतु सगळेच प्रश्न अंगठीइतके सोपे नसतात. अंगठी काढून डबीत ठेवता येते. मत तसे काढून ठेवता येत नाही. समाजकार्य, समुपदेशन, शुश्रूषा, अध्यापन अशा व्यवसायांचे शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्याने आपली धार्मिक मते कोठे व किती बोलावीत, आणि ती बोलल्याबद्दल त्याला व्यवसायाचे दार बंद करण्याचा अधिकार संस्थेला असावा काय, ह्या प्रश्नाने गेल्या दोन दशकांत अमेरिका व इंग्लंडमधील न्यायालयांना बराच विचार करायला लावला. त्यांपैकी एक प्रकरण आम्हांला विशेष बोधक वाटते.

फेलिक्स एन्गोले हा मूळचा कॅमेरूनचा तरुण इंग्लंडमध्ये शेफील्ड विद्यापीठात समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला होता. २०१५ सालच्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेत किम डेव्हिस ह्या बाईंचे प्रकरण गाजत होते. केंटकी राज्यातील ह्या काउंटी क्लार्कने समलिंगी जोडप्यांना विवाहाचे परवाने देण्यास आपल्या श्रद्धेपोटी नकार दिला व त्यासाठी काही दिवस तुरुंगवासही पत्करला. एका वृत्तवाहिनीच्या फेसबुक पानावर ह्याविषयी वाद रंगला असता एन्गोलेने त्यात भाग घेतला, समलिंगी संबंध हे पाप आहे असे लिहिले आणि पुष्ट्यर्थ बायबलमधील, त्यातही लेवीय पुस्तकातील, वचने दिली. काही आठवड्यांनी एका सहाध्यायाने ही गोष्ट विद्यापीठाच्या कानी घातली. २०१६ च्या फेब्रुवारीत 'व्यवसायास पात्रता' तपासणाऱ्या समितीने त्याला अभ्यासक्रमातून काढले. विद्यापीठात दुसरे काही शिकण्यास त्याला मुभा होती. समाजकार्यकर्ता होण्याची वाट मात्र बंद झाली.

हे वाचताना आम्हांला ऑक्सफर्डची आठवण झाली. विद्येच्या उंबरठ्यावर श्रद्धेची झडती घेण्याची रीत इंग्लंडात नवी नाही, आणि तिचा सर्वांत कडू घोट पूर्वी आपल्याच माणसांनी घेतला आहे. १५८१ साली ऑक्सफर्डने नियम केला, की प्रवेश घेणाऱ्याने इंग्लंडच्या प्रस्थापित चर्चच्या एकोणचाळीस धर्मकलमांवर स्वाक्षरी केली पाहिजे. केंब्रिज थोडे उदार. तेथे शिकता येई, पण पदवीच्या वेळी श्रद्धेची कसोटी पुढे येई. कॅथलिक मुलाला अशी स्वाक्षरी करणे म्हणजे आपल्या मातापित्यांचा धर्म नाकारणे. परिणाम केवळ पदवीपुरता नव्हता. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सचे फेलो व्हायचे तर दीर्घकाळ ऑक्सफर्ड-केंब्रिजची पदवी लागे. म्हणजे धर्मकलमांवर स्वाक्षरी नाही तर पदवी नाही, आणि पदवी नाही तर राजधानीतल्या प्रतिष्ठित वैद्यांच्या पंक्तीत पान नाही. म्हणून प्रस्थापित चर्चबाहेरचे विद्यार्थी वैद्यक शिकायला एडिंबरोला, हॉलंडमध्ये लायडनला जात. कॅथलिकांना इंग्लंडात वकिलीचे दार उघडले ते १७९१ च्या कायद्याने. आयर्लंडचा थोर नेता डॅनिएल ओकॉनेल १७९४ साली लंडनच्या लिंकन्स इनमध्ये कायदा शिकायला दाखल झाला, तो असा नुकत्याच किलकिल्या झालेल्या दारातून आत आलेला विद्यार्थी होता.

१८२६ साली लंडनमध्ये धर्माची कसोटी न लावणारे युनिव्हर्सिटी कॉलेज निघाले. ऑक्सफर्डने १८५४ साली व केंब्रिजने १८५६ साली बहुतेक पदव्यांपुरती कसोटी काढली. अध्यापनाच्या व अधिकाराच्या जागांवरचे बंधन १८७१ च्या कायद्याने गेले. मधल्या काळात त्या एकोणचाळीस कलमांनी एका मोठ्या माणसाचे आयुष्य ढवळून काढले. ती कलमे कॅथलिक अर्थानेही वाचता येतात असे प्रतिपादन जॉन हेन्री न्यूमन ह्यांनी १८४१ साली केले आणि ऑक्सफर्डमध्ये वादळ उठले. १८४५ साली ते कॅथलिक झाले व त्यांनी आपली फेलोशिप सोडली.

येथे आपल्या बाजूचेही एक पान उलटून पाहिले पाहिजे, कारण ते आपण सहसा उलटत नाही. दार उघडल्यावर कॅथलिक मुले आत गेली काय? फारशी नाहीत. ह्या वेळी अडवणारे आपलेच परमगुरू होते. प्रॉटेस्टंट वातावरणात श्रद्धा डळमळेल ह्या धास्तीने इंग्लंडच्या बिशपांनी, आणि १८६७ साली रोमनेही, कॅथलिक पालकांना आपली मुले ह्या विद्यापीठांत पाठवू नका असे बजावले. ही मनाई उठायला १८९५ साल उजाडले. तोवर एक अख्खी पिढी उंबरठ्याबाहेरच राहिली; आधी राजाच्या भीतीने, मग मेंढपाळाच्या काळजीने.

जुन्या स्वाक्षरीचा हेतू तरी उघड होता. तू काय मानतोस, एवढेच ती विचारी. आजची समिती म्हणते की तू काय मानतोस ह्याच्याशी आमचे कर्तव्य नाही, उद्या तुझ्यापुढे येणाऱ्या गरजवंताशी तू कसा वागशील एवढेच आम्हांला पाहायचे आहे. हा बदल मोलाचा आहे. अडचण येते ती पहिल्या प्रश्नाच्या उत्तरावरून दुसऱ्याचे उत्तर गृहीत धरले जाते तेव्हा.

त्यातही गंमत अशी, की गरजवंताला दोष देत बसू नये हा आधुनिक समाजकार्याचा जो नियम अशा प्रकरणांत विद्यार्थ्यापुढे ठेवला जातो, त्याची सर्वांत परिचित मांडणी एका कॅथलिक धर्मगुरूने केलेली आहे. शिकागोच्या लॉयोला विद्यापीठात समाजकार्य शिकवणारे येशूसंघीय फादर फेलिक्स बिस्टेक ह्यांचे 'द केसवर्क रिलेशनशिप' हे पुस्तक १९५७ साली प्रसिद्ध झाले. मदत मागायला आलेला माणूस व कार्यकर्ता ह्यांच्या नात्याची सात तत्त्वे त्यात आहेत. प्रत्येक माणसाला वेगळी व्यक्ती म्हणून पाहणे, त्याला मन मोकळे करू देणे, आपल्या भावना आवरून त्याच्या भावनांना साथ देणे, तो आहे तसा त्याचा स्वीकार करणे, त्याचा न्यायनिवाडा न करणे, त्याचे निर्णय त्याला घेऊ देणे आणि त्याचे गुपित राखणे.

पापनिवेदनाच्या आसनामागे बसणाऱ्या पुरोहिताने 'न्यायनिवाडा करू नका' असे सांगावे, ह्याचे आपणांस नवल वाटायला नको. पण फादर बिस्टेक ह्यांचे म्हणणे नीट वाचावे लागते. स्वीकार म्हणजे मान्यता नव्हे, हे ते स्पष्ट करतात. समोरच्याच्या वागण्यात काय हितकर, काय अहितकर ह्याची पारख कार्यकर्त्याने करावी. तो माणूस किती दोषी, हे ठरवण्याचा उद्योग मात्र करू नये. माणसाच्या स्वतः निर्णय घेण्याच्या हक्कालाही ते कायद्याच्या व नीतीच्या मर्यादा घालतात. म्हणजे कार्यकर्त्याला नैतिक मते असतातच असे धरून त्यांनी आपली शिस्त रचली आहे. आपल्याकडच्या समाजकार्य महाविद्यालयांतही ही तत्त्वे शिकवली जातात. ह्या शिक्षणाचा पायाच मुळी आपल्या देशात श्रद्धावंतांनी घातला. १९३६ साली मुंबईत सुरू झालेल्या सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालयाचे, म्हणजे आजच्या टाटा समाजविज्ञान संस्थेचे, पहिले संचालक क्लिफर्ड मॅनशार्ट हे अमेरिकन मराठी मिशनचे मिशनरी होते व नागपाड्याच्या वस्तीत नेबरहुड हाउस चालवीत होते. १९५५ सालचे निर्मला निकेतनचे महाविद्यालय तर डॉटर्स ऑफ द हार्ट ऑफ मेरी ह्या आपल्या व्रतस्थ भगिनींनी काढले.

आता अमेरिकेतील दोन प्रकरणे पाहू. ती शेफील्डच्या आधीची आहेत आणि एकमेकांशेजारी ठेवून वाचण्याजोगी आहेत.

ज्युलिया वॉर्ड ही मिशिगन राज्यातील ईस्टर्न मिशिगन विद्यापीठात शालेय समुपदेशनाची विद्यार्थिनी. अभ्यास उत्तम. २००९ च्या जानेवारीत प्रात्यक्षिकासाठी तिला एका व्यक्तीचा कागद मिळाला. ह्या व्यक्तीने पूर्वी समलिंगी संबंधाविषयी सल्ला घेतलेला होता. भेटीपूर्वीच वॉर्डने आपल्या पर्यवेक्षिकेला विचारले, की अशा संबंधाला पुष्टी देणे माझ्या श्रद्धेत बसत नाही, तेव्हा ही व्यक्ती दुसऱ्या समुपदेशकाकडे सोपवावी काय? व्यक्ती दुसरीकडे सोपवली गेली. वॉर्डपुढे मात्र शिस्तभंगाची चौकशी उभी राहिली आणि मार्चमध्ये तिला काढून टाकण्यात आले. खालच्या न्यायालयाने २०१० साली विद्यापीठाची बाजू घेतली. अपील न्यायालयाने जानेवारी २०१२ मध्ये तो निकाल फिरवला व प्रकरण ज्यूरीपुढे जाण्याजोगे आहे असे ठरवले. त्याची कारणे बारकाईने पाहण्यासारखी आहेत. प्रात्यक्षिकात कोणालाही दुसरीकडे सोपवू नये असा विद्यापीठाचा लेखी नियमच नव्हता. अमेरिकन समुपदेशक संघटनेच्या २००५ च्या आचारसंहितेत उलट दुसरीकडे सोपवण्यास वाव होता. मरणासन्न रुग्णाला अखेरच्या निर्णयांत साथ देणे ज्याला जमणार नाही, त्याने ते काम दुसऱ्याकडे द्यावे अशी तरतूद तीत होती. शिवाय चौकशीत वॉर्डच्या धर्ममतांचीच उलटतपासणी झाली होती. तेव्हा नियम हे निमित्त व श्रद्धेविषयीचा आकस हे खरे कारण, असा निष्कर्ष ज्यूरी काढू शकेल, असे न्यायालयाने म्हटले. त्याच वर्षाच्या अखेरीस विद्यापीठाने ७५,००० डॉलर देऊन तडजोड केली.

वॉर्डच्या सरळपणाचे आम्हांला कौतुक वाटते. तिने लपवाछपवी केली नाही, समोरच्याला दुखावले नाही. तरीही मन पूर्ण निःशंक होत नाही. उद्या ती शाळेत समुपदेशक झाली आणि भांबावलेला, कदाचित जीव द्यायला निघालेला एखादा मुलगा दाराशी उभा राहिला, तर त्या शाळेत दुसरा समुपदेशक असेलच असे नाही. २०१४ साली त्या संघटनेने आपली संहिता बदलली व केवळ समुपदेशकाच्या वैयक्तिक मूल्यांपोटी कोणालाही दुसरीकडे पाठवू नये असा नियम घातला. नियम आला खरा, पण वॉर्डला बाहेर काढून पाच वर्षे झाल्यावर.

दुसरे प्रकरण जॉर्जिया राज्यातील ऑगस्टा स्टेट विद्यापीठाचे. तेथील जेनिफर कीटन ह्या समुपदेशनाच्या विद्यार्थिनीने वर्गात व वर्गाबाहेर आपली ख्रिस्ती मते मांडली, इथवर कोणाची हरकत असण्याचे कारण नव्हते. परंतु समलिंगी व्यक्तींनी बदलावे ह्यासाठी आपण समुपदेशनात प्रयत्न करू, असा तिचा मनोदय शिक्षकांपुढे आला. त्यांनी तिला सुधारणेचा कार्यक्रम आखून दिला: कार्यशाळांना हजेरी, वाचन, दरमहा दोन पानी चिंतन आणि समलिंगी समाजाची ओळख व्हावी म्हणून त्यांच्या मिरवणुकीसारख्या कार्यक्रमांना जाण्याची सूचना. तिने नकार दिला व न्यायालयात धाव घेतली. डिसेंबर २०११ मध्ये अपील न्यायालयाने तिची तातडीच्या मनाईची मागणी फेटाळली. तिची मते बदलावीत असे विद्यापीठ म्हणत नाही, मदतीला आलेल्या माणसावर ती लादू नयेत एवढेच म्हणते, असे न्यायालयाला दिसले.

निकाल आम्हांला पटतो. मिरवणुकीची सूचना पटत नाही. भक्ती सक्तीने शिकवता येत नाही हे आपण धर्मशिक्षणाच्या वर्गांत पुरते अनुभवले आहे. आपुलकीही हजेरीपटावर सही घेऊन उपजत नाही.

एन्गोलेचा प्रवास असाच वळणांचा झाला. ऑक्टोबर २०१७ मध्ये उच्च न्यायालयात तो हरला. ३ जुलै २०१९ रोजी अपील न्यायालयाने त्याच्या बाजूने कौल दिला. प्रात्यक्षिकाच्या कामात त्याने कोणाशीही भेदभाव केल्याचा पुरावा नव्हता, आणि एखादे धार्मिक मत बोलणे व त्या मतापोटी भेदभाव करणे ह्यांची विद्यापीठाने गल्लत केली, असे न्यायालयाने म्हटले. पण आपल्यापैकी काहींनी ह्या निकालाचा 'श्रद्धेचा विजय' म्हणून जो गाजावाजा केला, त्यांनी तो शेवटपर्यंत वाचला नसावा. व्यावसायिकाचे अभिव्यक्तिस्वातंत्र्य अमर्याद नाही, हेही त्यात आहे. भाषा किती संयत, बोलणाऱ्याची ओळख पटण्याजोगी आहे काय, त्याच्याकडे येणाऱ्याच्या मनात अविश्वास उत्पन्न होईल काय, हे पाहावेच लागेल. दोन्ही पक्ष आपापल्या जागी घट्ट रुतून बसले, हेही न्यायालयाच्या नजरेतून सुटले नाही. विद्यापीठाने आरंभीच असे मत जाहीरपणे बोलताच येणार नाही अशी भूमिका घेतली. मग विद्यार्थीही हट्टाला पेटला. कसे बोलावे, कोठे बोलावे ह्याचे मार्गदर्शन करणे हे शिक्षणसंस्थेचे कामच आहे, आणि ते आधी करून पाहायला हवे होते.

एन्गोलेच्या लिहिण्याबद्दल आमचेही म्हणणे आहे. १९९२ च्या कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथात समलिंगी संबंधांविषयी ख्रिस्तसभेची नैतिक शिकवण जिथे दिली आहे, तिथेच अशा व्यक्तींना आदराने, करुणेने व संवेदनशीलतेने वागवावे आणि त्यांच्याशी अन्याय्य भेदभावाची खूणही टाळावी असे बजावले आहे. पहिले सांगताना दुसरे गाळले, तर ऐकणाऱ्याच्या कानी केवळ दगडाचा आवाज जातो.

अपील न्यायालयाने एन्गोलेचे प्रकरण नव्या समितीकडे पाठवले. तोवर वर्गातून बाहेर पडून त्याला तीन वर्षांहून अधिक काळ लोटला होता.

आपल्याकडे प्रशिक्षण आणि श्रद्धा ह्यांची गाठ फार पूर्वी पडली. १८३६ साली कोलकात्याच्या मेडिकल कॉलेजात पंडित मधुसूदन गुप्त ह्यांनी शवविच्छेदन केले, तेव्हा प्रेताला स्पर्श म्हणजे विटाळ मानणाऱ्या समाजात खळबळ माजली होती. तेथे मधला मार्ग नव्हता. शरीर आतून पाहिल्याखेरीज शल्यवैद्य होता येत नाही. ज्याला ते करायचे नसेल त्याने दुसरी विद्या धरावी. व्यवसायाची काही मागणी अशी अटळ असते. मात्र अटळ म्हणून पुढे केलेली प्रत्येक मागणी तशी असतेच असे नाही. केरळमधील तीन शाळकरी भावंडांना १९८५ साली राष्ट्रगीत गायले नाही म्हणून शाळेतून काढण्यात आले. ती 'यहोवाचे साक्षीदार' पंथाची होती. राष्ट्रगीताच्या वेळी ती आदराने उभी राहत, गात मात्र नसत. ११ ऑगस्ट १९८६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत घेण्याचा आदेश दिला. मुलांचे उभे राहणे न्यायालयाला पुरेसे वाटले. आपल्या संविधानाच्या २५ व्या अनुच्छेदाने सदसद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य दिले आहे व त्याला सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य ह्यांचे कुंपणही घातले आहे. दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने ७ डिसेंबर १९६५ रोजी संमत केलेल्या धर्मस्वातंत्र्यविषयक जाहीरनाम्यातही सदसद्विवेकाविरुद्ध कोणाला भाग पाडू नये असे सांगताना 'योग्य मर्यादेत' हे शब्द आहेत.

ह्या सगळ्यात आपण स्वतःला विद्यार्थ्याच्या जागी ठेवून विचार करतो. पण आपली परिचारिका विद्यालये, अध्यापक विद्यालये, समाजकार्य महाविद्यालये ह्यांत हिंदू, मुसलमान, बौद्ध, जैन मुले-मुली मोठ्या संख्येने शिकतात. त्यांच्यापैकी एखादीने उद्या आपल्या श्रद्धेपोटी काही लिहिले, कशाला नकार दिला आणि तक्रार आली, तर समितीच्या खुर्चीवर आपण असू. ह्या लेखाच्या निमित्ताने आम्ही ओळखीच्या एका संस्थेची नियमपुस्तिका मागवून वाचली. गणवेश, केस, नखे, दागिने, वसतिगृहाच्या वेळा ह्यांवर पाच पाने आहेत. विद्यार्थ्याच्या श्रद्धेचा आणि कामाचा खटका उडाला तर त्याने कोणाशी बोलावे, त्याचे कोण ऐकून घेईल, किती दिवसांत उत्तर मिळेल, ह्यावर त्या पुस्तिकेत एकही ओळ नाही.